वाटाड्याचे ऋण
(बिरसा-बैहरच्या डोंगरमुलखातील प्रवासांचा मागोवा)

गणनाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. त्यावर प्रवचन झालेले आमच्या फारसे ऐकिवात नाही. इस्राएल लोक सीनायच्या रानातून तळ हलवीत आहेत. मेघ त्यांच्यावर आहे आणि कराराचा कोश तीन दिवसांच्या वाटेवर त्यांच्यापुढे चालणार आहे. मार्गदर्शनाची याहून मोठी हमी कोणत्या प्रवाशाला मिळाली असेल? तरीही मोशे होबाब नावाच्या आपल्या एका मिद्यानी आप्ताला विनवितो की, तू आम्हांला सोडून जाऊ नकोस. रानात तळ कोठे द्यावा हे तुला ठाऊक आहे, तेव्हा तू आमचे डोळे हो. होबाब प्रथम नाही म्हणतो. मोशे पुन्हा आग्रह करतो आणि वचन देतो की, परमेश्वर आमचे जे बरे करील त्यात तुझाही वाटा राहील. होबाबाने शेवटी काय उत्तर दिले हे त्या अध्यायात सांगितलेले नाही. शास्त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशेच्या सासरच्या केनी लोकांचे वंशज यहूदाच्या वंशजांबरोबर वर गेल्याचा उल्लेख येतो. त्यावरून तो बरोबर गेला असावा असे मानण्यास जागा आहे.

या प्रसंगात आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, दैवी मार्गदर्शनावरील विश्वासाने स्थानिक माणसाच्या ज्ञानाची गरज संपत नाही. दुसरी, जो वाट दाखवितो त्याचे ऋण राहते आणि ते वचनाने बांधलेले असते. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील बिरसा आणि बैहर या डोंगराळ टापूत झालेल्या प्रवासांचा इतिहास आम्ही याच दोन गोष्टी मनात ठेवून चाळला. त्यातून जे हाती लागले आणि जे लागले नाही, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

१. घाटावरचा मुलूख

'बालाघाट' म्हणजे घाटावरचा प्रदेश. हा जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. त्याचे मुख्य ठिकाण बूढा हे खेडे होते, पुढे त्यालाच बालाघाट हे नाव पडले. जिल्ह्याचे दोन भाग निसर्गतःच वेगळे आहेत. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची शेते व तलाव आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडून येणाऱ्या मराठी माणसाला तेथे परके वाटत नाही. घाट चढून वर गेले की सालवृक्षांचे रान सुरू होते, वस्ती विरळ होते, आणि गोंड व बैगा यांचा मुलूख लागतो. बिरसा हे या वरच्या भागातील तहसिलीचे गाव.

पाण्याच्या वाटाही येथे दुभंगतात. घाटाखालचे पाणी वैनगंगेतून गोदावरीला व पूर्वसमुद्राला मिळते. वरच्या पठारावरचे बंजर व हालोन या नद्यांचे पाणी उत्तरेकडे नर्मदेला जाऊन पश्चिमसमुद्राला पोहोचते. एकाच मेघाचे पाणी दोन समुद्रांना वाटून देणारा हा डोंगर आहे. पावसाळ्यात मात्र हेच नाले फुगतात आणि पूल नसलेल्या काळी प्रत्येक टोला, प्रत्येक पाडा पाण्याने वेढलेल्या बेटासारखा एकटा पडत असे. यास्तव येथील जुना प्रवास म्हणजे हिवाळ्यातील प्रवास. आणि तोही वाटाड्यावाचून होत नसे. गावचा कोटवार किंवा त्याने नेमलेला माणूस पाहुण्यास आपल्या शिवेपर्यंत नेई आणि तेथे पुढल्या गावच्या माणसाच्या हवाली करी. असा हा हातोहात चाललेला प्रवास असे.

२. उंच मुलूख आणि बेटे

या टापूला इंग्रजी वाचकांसमोर ज्या ग्रंथाने आणले, तो कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मध्य भारताच्या या डोंगरांना 'हायलँड्स' म्हटले, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाचे नाव दिले. नागपूरच्या मंडळीचे पहिले मिशनरीही स्कॉटलंडचेच होते. म्हणून त्या दूरच्या मुलखातील प्रवासांकडे एकदा दृष्टी टाकणे अप्रस्तुत होणार नाही.

इ. स. ५६३ मध्ये कोलंबा हा आयरिश मठवासी आपल्या सोबत्यांसह आयोना या लहानशा बेटावर उतरला आणि तेथून त्याने उत्तरेकडील पिक्ट लोकांत सुवार्ता नेली. त्याचे चरित्र सुमारे शतकानंतर त्याच मठाच्या अ‍ॅडम्नान या मठाधिपतीने लिहिले. त्यात स्काय बेटावरची एक हकीकत आहे. अर्टब्रानन नावाच्या एका वृद्धाला दोन तरुण नावेतून कोलंबाकडे आणतात. तो देववचन ऐकतो, बाप्तिस्मा घेतो आणि तेथेच देह ठेवतो. कोलंबाला त्याची भाषा येत नव्हती, दुभाष्याच्या तोंडून त्याने उपदेश केला, असे अ‍ॅडम्नान स्वच्छ सांगतो. वृद्धाचे नाव चरित्रात आहे. दुभाष्याचे नाही, आणि नाव वल्हविणाऱ्या तरुणांचेही नाही. ज्याच्या जिभेवाचून ते देववचन त्या वृद्धाच्या कानी पडलेच नसते, तो माणूस इतिहासातून निनावी निघून गेला.

याच्या उलट उदाहरण एका लौकिक ग्रंथात सापडते. १७७३ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन व जेम्स बॉस्वेल यांनी त्याच डोंगरांतून व बेटांतून मोठा प्रवास केला. जॉन्सन तेव्हा साठी ओलांडलेले होते. इन्व्हर्नेसपासून पुढे गाडीरस्ता नव्हता, म्हणून घोडी घेतली आणि घोड्यांबरोबर दोन डोंगरी माणसे पायी निघाली. बॉस्वेलने त्यांची नावे नोंदविली आहेत: जॉन हे आणि लॉकलन वास. पुढे बेटांवर कॉल बेटाचा तरुण वारस डोनाल्ड मॅक्लीन याने त्यांना सांभाळून फिरविले. पुढल्याच वर्षी तो तेथल्याच समुद्रात नाव उलटून बुडाला. जॉन्सनचा ग्रंथ १७७५ मध्ये व बॉस्वेलचा १७८५ मध्ये निघाला. या दोन पायी चालणाऱ्या माणसांविषयी आणखी काही आम्हांस माहीत नाही. तथापि त्यांची नावे अडीचशे वर्षे टिकली आहेत. त्यासाठी बॉस्वेलला फक्त दोन शब्द अधिक लिहावे लागले.

३. करंजिया आणि बोरी

आता आपल्या डोंगरांकडे परत येऊ. गोंडांमध्ये मिशन स्थापण्याचा पहिला प्रयत्न अमरकंटकाजवळ करंजिया येथे झाला. जबलपूरचे अधिकारी डोनाल्ड मॅक्लाउड यांच्या खटपटीने बर्लिनच्या गोस्नर यांच्याकडून आलेली जर्मन मंडळी लोश या मिशनऱ्याच्या नेतृत्वाखाली तेथे उतरली. शेती करावी, हाताने कष्ट करावे, लोकांत राहावे, असा त्यांचा संकल्प होता. १८४२ साली पटकीने थोड्याच दिवसांत त्यांच्यातील बहुतेकांचा घास घेतला. मदत पोहोचण्यासारखी वाट नव्हती. वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे नागपूरच्या मिशनाची वाट धरली.

त्या नागपूर मिशनाचे संस्थापक स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास आले. शिक्षक, सुवार्तिक, भूगर्भशास्त्राचे अभ्यासक आणि गोंडांच्या भाषेचे व परंपरेचे संग्राहक, असे त्यांचे अनेक पैलू होते. त्यांचे आदिवासींविषयीचे लेखन सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केले. त्यातील लिंगोचे दीर्घ गीत हा गोंड परंपरेचा फार मोलाचा ठेवा आहे. ते गीत हिस्लॉप यांनी रचलेले नाही, एका परधान गायकाच्या मुखातून ते उतरले आहे. विद्वत्तेच्या वाटेवरही एक वाटाड्या होताच.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टेंपल यांच्या छावणीबरोबर टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना एक शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले आणि सायंकाळी एकटेच घोड्यावरून छावणीकडे निघाले. बोरीजवळचा नाला मध्यंतरी पावसाने फुगला होता. छावणीत घोडा आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. हिस्लॉप यांच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवसास तेव्हा चार दिवस उरले होते. साऱ्या प्रांताचे खडक व अश्म ज्यांना ठाऊक होते, त्यांना त्या एका रात्रीचे त्या एका नाल्याचे पाणी ठाऊक नव्हते. ते गावातल्या एखाद्या गुराख्यास ठाऊक असते. यात आम्ही दोष काढीत नाही. त्या सेवकाच्या शेवटच्या दिवशीही शाळेतील मुले त्याच्या मनात होती, ही गोष्ट आम्हां पाळकांना नम्र करणारी आहे. परंतु विद्या आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्या नाल्याने सांगितले.

४. दौरा, रसद आणि बेगार

फोर्साइथ यांच्या पिढीचे अधिकारी बंजर व हालोन यांच्या खोऱ्यांतून तंबू, घोडी व बैलगाड्या घेऊन हिंडले. जंगल मोजले गेले, सारा ठरला, नकाशे तयार झाले. या कामात बैगा हा अपरिहार्य माणूस होता. रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, या भागात गोंडदेखील बैगाला गावचा पुजारी मानीत आणि शिवेचा तंटा पडल्यास त्याचा शब्द प्रमाण धरीत. कारण भूमीचा आदिवासी तोच. ज्याला शीव ठाऊक, तोच वाटाड्या होणार हे उघड आहे.

मात्र या प्रवासाला दुसरी बाजू होती. साहेबाचा दौरा खेड्यावर आला की दूध, कोंबडी, गवत, लाकूड यांची रसद आणि ओझी वाहण्याची बेगार सुरू होई. वाट दाखविणारा नेहमीच खुषीने निघालेला असे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पुष्कळदा तो धरून आणलेला असे. मिशनऱ्यांचे दौरे याहून सौम्य होते आणि अनेकांनी मजुरी चोख दिली, हे खरे. तरीपण ज्या व्यवस्थेने गाडी व माणूस मिळे ती व्यवस्था एकच होती. होबाबाला नाही म्हणण्याची मुभा होती. बेगारीला धरलेल्या माणसाला ती नव्हती. हा भेद आम्हांला लहान वाटत नाही.

वाटा दाखवून झाल्यावर वाटाड्याच्या वाट्याला काय आले? बैगा बेवर करीत, म्हणजे झाडे तोडून जाळावयाची आणि त्या राखेत बी टाकावयाचे. नांगराने धरणीमातेची छाती फाडू नये अशी त्यांची श्रद्धा होती. जंगलखात्याने ही रीत बंद करीत आणली. १८९० साली मंडला जिल्ह्यात 'बैगाचक' म्हणून काही गावांचा राखीव टापू तेवढा तिच्यासाठी ठेवला. बालाघाटचे आरंभीचे डेप्युटी कमिशनर ब्लूमफील्ड यांनी १८८५ साली बैगांविषयी टिपणे प्रसिद्ध केली. बैहरचे पठार लागवडीखाली यावे आणि बैगांनी नांगर धरावा, यासाठी त्यांनी खटपट केली. हेतू कदाचित भल्याचा असेल. पण ज्यांच्या पायांनी मुलूख ओळखला गेला, त्यांचेच पाय त्या मुलखात उपरे झाले.

५. बैहर, मंडला आणि श्यामराव हिवाळे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चर्च मिशनरी सोसायटीचे काम मंडल्याकडे वाढले. तेथील एच. डी. विल्यमसन यांनी १८९० साली गोंडीचे व्याकरण व शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. बैहरच्या पठारावर जॉन लँपर्ड यांनी 'बालाघाट मिशन' उभारले. त्याच सुमारास दोन भीषण दुष्काळ पडले, आणि अनाथ मुलांचा सांभाळ हे मिशनांचे मोठे काम होऊन बसले. बालाघाटचे काम पुढे मेथडिस्ट मंडळीकडे गेले. या सर्व कार्याचे अहवाल छापले गेले. त्यांत फेऱ्यांची संख्या, विकलेली शुभवर्तमाने, भेट दिलेली गावे यांची गणती असते. अशा अहवालांत स्थानिक सोबत्याचा उल्लेख बहुधा 'आमचा माणूस' किंवा 'एक गोंड' इतकाच असतो.

या पार्श्वभूमीवर एका मराठी ख्रिस्ती माणसाचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. ते म्हणजे श्यामराव हिवाळे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची व व्हेरियर एल्विन यांची मैत्री जुळली. १९३२ च्या आरंभी हे दोघे मैकल डोंगरांत येऊन राहिले ते गाव करंजिया, म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी जर्मन बांधवांच्या कबरी जेथे झाल्या तेच. एल्विन यांनी धर्मांतराचे कार्य करण्याचे नाकारले आणि १९३५ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या मंडळीशी नाते तोडले. त्या निर्णयाविषयी या पृष्ठांचे वाचक एकमताचे असणार नाहीत, आम्हीही सर्वस्वी त्यांच्या बाजूचे नाही. परंतु १९३९ साली निघालेल्या त्यांच्या बैगांवरील ग्रंथात बैगा स्त्रीपुरुषांच्या जीवनकथा त्यांच्याच तोंडून आणि नावानिशी येतात, हे मान्य केलेच पाहिजे. मंडळीबाहेर गेलेल्या माणसाने जे केले, ते मंडळीत राहिलेल्यांनी आधी करावयास हवे होते.

एल्विन यांची कीर्ती जगभर झाली. हिवाळे मात्र आमच्या मराठी मंडळीलाही फारसे ठाऊक नाहीत. गोंड-बैगांची गीते गोळा करण्यात व त्यांचा अर्थ लावण्यात ते एल्विन यांचे जोडीदार होते. मैकल डोंगरांतील लोकगीतांच्या १९४४ च्या संग्रहावर दोघांचीही नावे आहेत. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर त्यांनी १९४६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लिंगोचे गीत गाणारे ते हेच परधान! हिस्लॉप यांच्या ग्रंथात ज्या समाजाचा गायक पडद्याआड राहिला, त्या समाजाला एका मराठी ख्रिस्ती लेखकाने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आणले. १९५४ मध्ये एल्विन ईशान्येकडे गेले, तरी हिवाळे त्या डोंगरांतच राहिले.

६. आमची वही

आता जे लिहावयाचे ते लिहिण्यास संकोच वाटतो. पण ते न लिहिले तर वरील सर्व लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या सुटीत आम्ही पाच विद्यार्थ्यांना घेऊन बिरसा येथे उतरलो आणि आसपासच्या गावांतून तीन दिवस पायी फिरलो. मंडळीच्या इतिहासाचा अभ्यास ग्रंथालयाबाहेरही व्हावा, असा आमचा हेतू होता. बाजारच्या दिवशी भेटलेला एक वृद्ध बैगा वाट दाखविण्यास तयार झाला. खांद्यावर कुऱ्हाड टाकून तो पुढे चाले आणि आम्ही एकामागे एक त्याच्या मागे. प्रत्येक नाल्याचे नाव तो सांगे. कोणता नाला पावसात कोठे उतरावयाचा आणि कोठे उतरावयाचा नाही, हेही सांगे. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोहाच्या झाडाखाली तो थांबला. आपली शीव येथे संपली, पुढचा माणूस पुढच्या गावचा, असे म्हणून तो बसून राहिला. पुढच्या गावचा माणूस येईपर्यंत त्याने आम्हांला एक पाऊलही टाकू दिले नाही. आमच्यातील एक उतावीळ विद्यार्थी म्हणाला, वाट तर समोर दिसते आहे. वृद्ध हसला व म्हणाला की, दिसते म्हणूनच माणूस चुकतो.

परत येऊन आम्ही अहवाल लिहावयास बसलो. वहीत अंतरे होती, नाल्यांची नावे होती, कोटवारांकडून कळलेल्या जुन्या हकीकती होत्या. त्या वृद्धाचे नाव नव्हते. सहाही जणांनी त्याला 'बाबा' म्हटले होते; त्या आदराच्या हाकेने आमची सोय झाली आणि नाव विचारावयाचे राहिले. ज्या आठवड्यात आम्ही वर्गात जुन्या मिशन अहवालांतील निनावी 'एका गोंडा'विषयी टीका केली होती, त्याच महिन्यात आमच्या हातून तेच घडले. बिरसाच्या एका ओळखीच्या शिक्षकाला पत्र घातले. त्यांनी बाजारात चौकशी केली आणि सुमारे दोन महिन्यांनी नाव कळले. अहवालाची पहिली ओळ खोडून आम्ही त्या नावाने अहवाल सुरू केला. ते येथे छापीत नाही, कारण छापण्यास त्याची अनुमती आम्ही घेतलेली नाही.

७. वचनाचा प्रश्न

आज या डोंगरांत वाटाड्या हा एक धंदा झाला आहे. कान्हा हे १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९७३ साली तेथे व्याघ्र प्रकल्प आला. बालाघाटच्या बाजूने मुक्कीच्या फाटकातून आत जाणाऱ्या गाडीत मार्गदर्शक असावाच लागतो. जवळपासच्या गावांतील तरुणांना त्यातून रोजगार मिळतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच रानातून गोंड-बैगांची गावे उठविली गेली, हेही विसरता येत नाही. बिरसा तहसिलीतच मलाजखंडचा डोंगर तांब्यासाठी खणला गेला. तेथे हिंदुस्तान कॉपरची खाण १९८२ पासून आहे. देशाला वाघ हवे आहेत आणि तांबेही हवे आहे. पण मोशेने होबाबाला 'वाट दाखव, मजुरी देतो' असे म्हटले नव्हते. आमच्या बऱ्यात तुझा वाटा, असे त्याने म्हटले होते. मजुरी दिली की व्यवहार संपतो. वाटा देण्याचे वचन केले तर तो दोन घरांचा संबंध होतो.

मंडळीपुरते बोलावयाचे तर आमची सूचना साधी आहे. आपल्या प्रत्येक जुन्या मिशन ठाण्याचा इतिहास लिहिताना संस्थापकांच्या यादीच्या शेजारी दुसरी एक यादी असावी: वाट कोणी दाखविली, भाषा कोणी शिकविली, ओझे कोणी वाहिले, पूर आलेला नाला कोणी पार करून दिला. कित्येक नावे आता मिळणार नाहीत. तेथे जागा कोरी ठेवावी. कोरी जागाही साक्ष देते. काही नावे मात्र अजून मिळतील. वृद्ध माणसे अद्याप आहेत, आणि बिरसाच्या बाजारात दोन महिन्यांत नाव कळते हे आम्ही अनुभवाने सांगतो. विद्यार्थ्यांनी पुढच्या हिवाळ्यात जाताना वहीच्या पहिल्या पानावर प्रथम तेवढे विचारून लिहावे, आणि मग चालू लागावे.